'मूनस्टोन'मधल्या त्या तिघांची जबानी घ्या: बीबीसीच्या नाट्यविभागाला खुलं पत्र

प्रति,
बीबीसीचा नाट्यविभाग, लंडन
आणि व्हिक्टोरियन कादंबऱ्यांवरून मालिका लिहिणारे व काढणारे सर्व

सप्रेम नमस्कार, वि. वि.

विल्की कॉलिन्स या इंग्रज लेखकाची 'द मूनस्टोन' ही कादंबरी तुम्ही वारंवार पडद्यावर आणली आहे. १९७२ साली पाच भागांत, १९९६ साली दोनेक तासांत आणि २०१६ साली पुन्हा पाच भागांत, तेही पाऊण-पाऊण तासाच्या, सोमवार ते शुक्रवार दुपारच्या वेळी. ज्या गोष्टीकडे इतक्यांदा वळावंसं वाटलं, तिच्याकडे तुम्ही पुन्हा वळालच. त्याआधी एक मागणं तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. पुढच्या वेळी त्या तीन ब्राह्मणांची जबानी घ्या.

पत्र मराठीत आहे. कारण हे मागणं माझ्या एकटीचं राहू नये, ज्यांनी ही कादंबरी वाचली नाही त्यांनीही त्यात सामील व्हावं, असं मला वाटतं. म्हणून आधी त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला आणि शहरात लुटालूट सुरू झाली. इथवर इतिहास आहे, पुढे कादंबरी. जॉन हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी टिपूच्या शस्त्रागारात शिरतो. त्याचा चुलतभाऊ मागोमाग पोचतो तेव्हा हर्नकॅसलच्या एका हातात मशाल असते, दुसऱ्या हातात रक्त ठिबकणारा खंजीर, आणि खंजिराच्या मुठीत बसवलेला एक मोठा पिवळा हिरा. हिऱ्याची राखण करणाऱ्या तिघांपैकी दोघे मरून पडलेले, तिसरा शेवटच्या घटका मोजतोय. मरता मरता तो बजावतो, हा मूनस्टोन तुझ्यावर आणि तुझ्या माणसांवर सूड उगवल्याशिवाय राहणार नाही. हा हिरा मुळात सोमनाथच्या देवाच्या कपाळावरचा. तिथून काशीला, काशीहून मोगल सरदाराच्या हाती, पुढे टिपूकडे अशी त्याची भ्रमंती. आणि तो जाईल तिथे वेष पालटून त्याच्या पाठीवर राहणारे तीन ब्राह्मण, पिढ्यान् पिढ्या.

हर्नकॅसल मरताना हिरा भाचीच्या नावे ठेवतो. २१ जून १८४८, रेचल व्हेरिंडरचा अठरावा वाढदिवस. यॉर्कशायरमधल्या तिच्या घरी त्या संध्याकाळी तीन भारतीय जादूगार खेळ दाखवून जातात, आणि रात्रीत हिरा नाहीसा होतो. तो कोणी नेला, कसा नेला हे मी सांगत नाही. ज्यांना वाचायची असेल त्यांचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. एवढंच सांगते की जादूगारांनी नेला नाही.

आता माझ्या मुद्द्याकडे येते.

ही कादंबरी जबान्यांची बनलेली आहे. रेचलचा मावसभाऊ फ्रँकलिन ब्लेक ज्याला त्याला सांगतो की तुम्ही जे स्वतः पाहिलंत, तेवढंच लिहा. मग कारभारी बेटरिज लिहितो, धर्मपत्रकं वाटत हिंडणारी मिस क्लॅक लिहिते, वकील ब्रफ लिहितो, खुद्द ब्लेक लिहितो. डॉक्टरचा मदतनीस एझ्रा जेनिंग्ज याची रोजनिशी येते, तपासाला आलेल्या सार्जंट कफचा अहवाल येतो, शेवटी एका जहाजाच्या कप्तानाचंही निवेदन येतं. रोझॅना स्पीअरमन ही पूर्वी चोरीसाठी तुरुंगात जाऊन आलेली, खांद्याने वाकडी मोलकरीण. ती तर दलदलीच्या वाळूत जीव देते, पण तिने पत्र्याच्या डब्यात लपवून ठेवलेलं पत्र सापडतं आणि तिचंही म्हणणं पानंच्या पानं ऐकायला मिळतं. १८६८ साली एका मोलकरणीच्या मनाला इतकी जागा देणारा लेखक लहान नव्हे.

आणि ज्यांच्या देवाचा हिरा, ज्यांच्या तीन माणसांचा खून होऊन ही सगळी कथा सुरू झाली, त्यांची जबानी? ती नाही. त्यांना नावंसुद्धा नाहीत. त्यांच्यातल्या म्होरक्याला सगळे 'मुख्य भारतीय' म्हणतात. त्यांना आलेली एक छोटीशी चिठ्ठी कादंबरीत आहे, तीही तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हाती पडलेली आणि मर्थवेट या इंग्रज प्रवाशाने भाषांतर करून दिलेली. त्यांच्या कुळाचा इतिहास, त्यांचा त्याग, त्यांचा हेतू, सगळं आपल्याला मर्थवेटच सांगतो. मांजराच्या चिकाटीने दबा धरतील आणि वाघाच्या क्रौर्याने झडप घालतील, हे त्यांचं वर्णनही त्याचंच.

तरीही कॉलिन्सने त्यांना पोकळ बाहुल्या केलेलं नाही, म्हणून तर मी इतक्या आशेने लिहिते आहे. दोन प्रसंग घ्या.

पहिला प्रसंग हिरा नाहीसा झाल्यानंतरचा. पोलीस ताबडतोब तिघांना धरतात. चौकशीत सिद्ध होतं की ते आदल्या रात्री गावातल्या आपल्या बिऱ्हाडी परतले होते आणि रात्रभर तिथेच होते. म्हणजे सुटायला हवेत. पण मॅजिस्ट्रेट घरच्या ओळखीचा. भटके, उनाड म्हणून कायद्याच्या कुठल्याशा कलमाखाली त्यांना आठवडाभर कोठडीत ठेवलं जातं. बेटरिज हे लपवत नाही. बरोबर बाजूने ओढलं की माणसाने उभी केलेली प्रत्येक संस्था थोडीफार ताणली जातेच, न्यायसुद्धा, अशा अर्थाचं तो लिहितो आणि पुढे जातो. निर्दोष ठरलेली तीन माणसं केवळ सोयीसाठी आत. ही पानं वाचताना माझा जीव तुटतो, कारण आपल्याकडच्या कितीतरी भटक्या जमातींना पुढे १८७१च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्याची वाट इथूनच जाते. तुमच्या मालिकेत हा आठवडा एका वाक्यात उरकू नका. कॅमेरा कोठडीच्या आत न्या. ते तिघं तिथे काय बोलत असतील?

दुसरा प्रसंग लंडनमधला. मुख्य भारतीय वकील ब्रफच्या कचेरीत येतो. युरोपीय पोशाख, उत्तम इंग्रजी, अदबशीर वागणूक. कर्ज मागतो, ब्रफ नकार देतो. उठता उठता तो सहज विचारल्यासारखं विचारतो की तुमच्याकडे कर्ज फेडायची रिवाजाने मुदत किती असते? एक वर्ष, असं उत्तर मिळतं. तो नमस्कार करून निघून जातो. या एका प्रश्नात त्याला हवं ते सगळं मिळालेलं असतं, कारण हिरा एका सावकाराकडे गहाण पडलाय आणि तो नेमका कधी सोडवला जाईल हे आता त्याला ठाऊक झालंय. सगळ्या कादंबरीत इतका नेमका तपास सार्जंट कफनेही केलेला नाही. ब्रफ स्वतः कबूल करतो की या माणसाने माझा जीवही घेतला असता, पण माझा वेळ मात्र फुकट घालवला नाही. असा हुशार, संयमी, पन्नास वर्षांच्या कामाचं ओझं वाहणारा माणूस पटकथेत मध्यवर्ती का नसावा? तुमच्याकडे त्याच्या तोडीचे नट आहेत. ब्रिटनमध्ये भारतीय वंशाच्या नटांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या.

आता भाषेबद्दल. वाढदिवसाच्या संध्याकाळी तिघं जादूचे खेळ करत असताना मर्थवेट त्यांच्याजवळ जातो आणि त्यांच्या भाषेत अचानक काहीतरी बोलतो. तिघं दचकून वाघाच्या चपळाईने वळतात. तो काय बोलला ते बेटरिजला कळत नाही, म्हणून वाचकालाही ऐकू येत नाही. कादंबरीला ते निभावून नेता आलं. पडद्यावर कोणाला तरी तोंड उघडावं लागेल. त्या क्षणी कोणती भाषा येणार? काठेवाडातली गुजराती? काशीकडची बोली? दोन-तीन पिढ्या म्हैसूरकडे काढल्यावर जिभेवर बसलेली कानडी किंवा दखनी? कृपा करून आजच्या सिनेमातली हिंदी त्यांच्या तोंडी घालू नका. उच्चारांसाठी बसवलेला एखादा प्रशिक्षक हे काम करू शकणार नाही. पटकथा लिहिली जाते त्या खोलीतच या भाषा जाणणारं माणूस पहिल्या दिवसापासून बसलं पाहिजे. एकमेकांशी ते वेगळं बोलतील, देवापुढे वेगळं, इंग्रजांपुढे वेगळं. तेवढ्यानेच ही माणसं उभी राहायला लागतील.

२०१६च्या मालिकेत बेटरिजचं काम लिओ रिंगर या कृष्णवर्णीय नटाने केलं. रंग न पाहता भूमिका देणं मला चांगलंच वाटतं. फक्त या कादंबरीपुरता एक विचार करा. इथे रंग हेच संशयाचं कारण आहे. तीन भारतीयांना धरतात ते रंगामुळे. एझ्रा जेनिंग्जला गाव टाळतं तेही त्याच्या मिश्र रक्ताच्या चेहऱ्यामुळे, आणि शेवटी निरपराधाला निर्दोष ठरवतो तो तोच. बाकी सगळ्या घरात रंग अदृश्य असेल, तर त्या तिघांकडे वळणाऱ्या नजरा कुठून आल्या हे प्रेक्षकाला कळायचं कसं? मला याचं तयार उत्तर देता येत नाही. पण हा प्रश्न निवडीच्या टेबलावर मोकळेपणाने बोलला जावा.

कॉलिन्सने हे सारं कोणत्या काळात लिहिलं तेही आठवा. १८५७चा उठाव झाला तेव्हा ब्रिटनमध्ये सूडाची भाषा घरोघरी होती. खुद्द डिकन्सने एका खासगी पत्रात लिहिलं होतं की मी हिंदुस्थानातला सरसेनापती असतो तर ही जमातच नामशेष करायचा प्रयत्न केला असता. कॉलिन्स त्याचा मित्र, सहलेखक. त्यानंतर दहा वर्षांनी, डिकन्सच्याच साप्ताहिकात, जानेवारी ते ऑगस्ट १८६८ अशी सलग ३२ आठवडे ही कादंबरी छापून आली. तीत खुनी आणि चोर इंग्रज अधिकारी आहे, हिरा परत नेणारे ब्राह्मण आहेत, आणि शेवटाला तो त्यांच्या हाती लागतो, त्यांना फाशी होत नाही. त्या वेळच्या वाचकांपुढे हे ठेवायला धैर्य लागलं असेल. दीडशे वर्षांनंतर तुम्ही त्याच्या एक पाऊल पुढे जावं, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

आणि मुंबई. कादंबरीच्या अखेरीस ते तिघं प्लिमथहून निघतात ते मुंबईला जाणाऱ्या जहाजात. साल १८४९. किनारा जवळ आला असताना वारा पडतो, जहाज खोळंबतं, आणि रात्रीच्या वेळी तिघं होडी घेऊन काठेवाडच्या दिशेने नाहीसे होतात. त्याच वर्षी लाहोरच्या तहान्वये कोहिनूर इंग्रजांच्या ताब्यात गेला. लॉर्ड डलहौसीने तो स्वतः लाहोरहून मुंबईला आणला आणि एप्रिल १८५० मध्ये 'मेडिया' या युद्धनौकेतून तो मुंबई बंदरातून इंग्लंडला रवाना झाला. कॉलिन्सने प्रस्तावनेत कोहिनूरचं नाव घेतलंय, तेव्हा त्याला हे माहीत असणार. खरा हिरा मुंबईहून गेला, त्याच सुमारास कादंबरीतला हिरा मुंबईच्या वाटेवर परत आला. १८५१च्या प्रदर्शनात तुमच्या लोकांनी कोहिनूर पाहायला रांगा लावल्या, पुढच्या वर्षी तो कापून १८६ कॅरटचा १०५ वर आणला. इतका सरळ धागा समोर असताना कोणत्याही पटकथाकाराने तो सोडू नये.

त्यानंतर येतो सोमनाथ. तिथे तुम्हाला मदत लागेल, आणि ती द्यायला आमच्याकडे पुष्कळ जण तयार होतील. कॉलिन्सचा देव हा हरणावर बसलेला, चार हातांचा चंद्र आहे. आमच्या घरांत तिन्हीसांजेला 'सौराष्ट्रे सोमनाथं च' म्हणताना डोळ्यांपुढे शंकर असतो, बारा ज्योतिर्लिंगांतला पहिला. दक्षाच्या शापाने झिजत चाललेल्या चंद्राने प्रभासला, म्हणजे सोमनाथच्याच ठिकाणी, शिवाची आराधना केली, तेव्हा त्याला पुन्हा वाढण्याचा वर मिळाला, अशी ती कथा. कादंबरीतल्या हिऱ्याचं तेजही चंद्रासारखं वाढतं आणि घटतं असा समज आहे. म्हणजे कॉलिन्स चुकला तरी मूळ कथेच्या अगदी जवळून गेला. मूर्ती बदलायची की ठेवायची ते तुम्ही ठरवा, पण प्रभासची कथा त्या तिघांपैकी एकाच्या तोंडी येऊ द्या. जागेचं म्हणाल तर १८५० साली तिथे जुन्या देवळाचे भग्नावशेष होते, आणि जवळच अहिल्याबाई होळकरांनी १७८३ साली बांधलेलं देऊळ होतं, जिथे पूजा चालू होती. मुलूख जुनागढच्या नवाबाचा. आज दिसतं ते भव्य मंदिर १९५१ नंतरचं. ते चुकून चौकटीत आलं तर इथला प्रत्येक प्रेक्षक ओळखेल.

सोमनाथ हे नाव आमच्याकडे राजकारणात फार वापरलं जातं, हेही तुमच्या कानावर घालते. लुटीची गोष्ट सांगताना कोणा एका धर्माला खलनायक करू नका. श्रीरंगपट्टण इंग्रजांनी लुटलं, तसा १७९१ साली शृंगेरीचा मठ मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेल्या पेंढाऱ्यांनी लुटला, आणि तो सावरायला मदत पाठवली ती टिपूने. हे आम्ही मराठी लोकांनीच सांगायला हवं, म्हणून सांगते.

आता ज्या दृश्यासाठी मी हा सगळा खटाटोप करते आहे, ते. हिरा देवाच्या कपाळी परत बसतो. हजारो यात्रेकरू जमलेले आहेत. तिघं उठतात, एकमेकांना मिठी मारतात आणि तीन वेगळ्या दिशांना चालू लागतात. समुद्र ओलांडून, जादूगाराचं सोंग घेऊन त्यांनी जात घालवली आहे. शिक्षा अशी की मरेपर्यंत तीर्थयात्रा करत भटकायचं आणि पुन्हा एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. इंग्रज वाचकाला हा पौर्वात्य थाट वाटला असेल. मराठी वाचकाला ते घरचं आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा परदेशगमनावरून काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते आम्ही शाळेपासून वाचतो. पुण्यात १८९० साली मिशनऱ्यांकडे नुसता चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याची कारवाई, झालं, प्रायश्चित्ताचे वाद झाले. मग ज्यांनी सगळा समुद्र ओलांडला, परमुलखात परक्यांच्या हातचं खाल्लं, त्यांनी आधीपासून काय काय गमावलं असेल, याची कल्पना करा. ज्या जातिव्यवस्थेने ही शिक्षा दिली तिचं गुणगान करा असं मी मुळीच म्हणत नाही. त्याच व्यवस्थेने असंख्यांना त्या देवळाच्या पायरीपर्यंतही येऊ दिलं नव्हतं, हेही चांगला लेखक त्याच दृश्यात दाखवू शकतो. पण त्या तिघांना हे सगळं माहीत होतं. इंग्लंडला निघण्याआधीच त्यांनी हा शेवट पत्करला होता. मग निघण्यापूर्वीची ती रात्र, घरच्यांचा निरोप, बायका-मुलं असतील तर त्यांना सांगितलेलं खरं किंवा खोटं, यातलं काहीच कॉलिन्सला सुचलं नाही किंवा ठाऊक नव्हतं. ते लिहायची संधी तुमच्यापुढे आहे.

कादंबरीशी ही बेइमानी होईल असं कोणी म्हणालं, तर त्यांना कादंबरीचा नियमच दाखवा. ज्याने जे पाहिलं ते त्याने सांगावं. त्या तिघांनी सर्वांत जास्त पाहिलं आहे. हिरा इंग्लंडात आला तिथपासून ते थेम्सकाठच्या खाणावळीतल्या त्या अखेरच्या रात्रीपर्यंत, कोणीही दिलं नसेल असं निवेदन ते देऊ शकतात. बेटरिजच्या जबानीनंतर त्यांची जबानी आली, तर रहस्य उलगडेल या भीतीचंही कारण नाही, कारण हिरा घरातून कोणी नेला हे त्यांनाही ठाऊक नसतं. त्या रात्री ते गावातल्या आपल्या बिऱ्हाडी असतात.

लांबीबद्दल तुम्हाला मी काय सांगावं. 'ब्लीक हाउस' तुम्ही २००५ साली पंधरा भागांत केलंत, पहिला तासाभराचा आणि बाकीचे अर्ध्या तासाचे, आठवड्यातून दोनदा, रोजच्या मालिकेला चिकटून. डिकन्स ज्या हप्त्यांनी वाचला गेला, त्याच चालीने तो दिसला आणि लोकांनी घरोघर पाहिला. 'मूनस्टोन'ही हप्त्यांसाठीच लिहिलेली. तिला पाच दुपारी पुरत नाहीत. आठ-दहा भाग द्या, रात्रीची वेळ द्या, श्रीरंगपट्टण आणि काठेवाडचं चित्रीकरण तिथे जाऊन करा, आणि भारतीय लेखकाला सल्लागार म्हणून न ठेवता पटकथेच्या श्रेयनामावलीत घ्या. पुण्या-मुंबईत, बडोद्यात, म्हैसुरात या कामाची माणसं आहेत. पत्र पाठवलंत तर उत्तर यायला उशीर लागणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मराठी प्रेक्षक